संकासुराचा काळा झगा आणि चार खिडक्या

गोव्यात पेडण्याला आमच्याकडे जत्रेचा कालो, म्हणजे दशावतारी नाटक, उभा राहतो तोच रात्री उशिरा, आणि संपतो पहाटे. तो मी बरीच वर्षं निकॉन डी५३०० वर टिपत आलोय. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती व्यवस्थित येतात. संकासूर आला की कॅमेऱ्याची शोभा होते. काळा झगा, काळं तोंड, लोंबणारी लाल जीभ, मागे अंधार. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ६४०० वर नेली की त्या झग्यावर कोणीतरी रांगोळी भुरभुरवलीय असं वाटतं. फ्लॅश मारायचा नाही, हा माझा नियम. नटाच्या डोळ्यांत जातो.

म्हणून नवीन कॅमेरा. भाचा म्हणाला, "मामा, दुकानात जायच्या आधी नेटवर तुलना करून बघ." बघितली. पंधरा दिवस जेवण झालं की तेच.

पहिली साइट निघाली गुणपत्रिकावाली. दोन कॅमेरे टाका, हिरव्या-लाल खुणा, खाली शंभरपैकी गुण. निकॉन झेड५० टू ला लाल खूण, कारण २०.९ मेगापिक्सेल, माझ्या जुन्या डी५३०० चे २४.२. म्हणजे मी पैसे मोजून खाली उतरणार! झग्यावरच्या रांगोळीचा रकाना त्या तक्त्यात कुठेच नव्हता. कपाटात कुठली लेन्स पडलीय तेही कोणी विचारलं नाही. माझ्याकडे ३५ एमएम एफ१.८ आहे, आणि एफटीझेड अ‍ॅडॉप्टर, म्हणजे जुनी लेन्स नव्या निकॉनवर बसवायचा जोड, लावला की ती नव्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालते. माझ्या खिशाला हा मुद्दा शंभर गुणांहून मोठा.

खरा उपयोग झाला तो डीपीरिव्ह्यूच्या स्टुडिओ सीनचा. ही साइट १९९८ पासूनची. २०२३ च्या मार्चमध्ये बंद होणार म्हणून जाहीरही झालं होतं, पण दुसऱ्यांनी विकत घेऊन चालू ठेवली. नशीब आमचं. एकाच मांडणीचा फोटो प्रत्येक कॅमेऱ्याने काढलेला असतो, आणि चार खिडक्यांत चार कॅमेरे शेजारी-शेजारी लावता येतात. मी जुना डी५३००, झेड५० टू, कॅनन आर१० आणि सोनी ए६७०० लावले. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो), कमी उजेड, आयएसओ ६४००. मग माउस ओढत काळोखाचा कोपरा गाठला आणि तिथेच ठाण मांडलं. एक सांगतो, 'कॉम्प' दाबायला विसरू नका. त्याने सगळी चित्रं एका मापात येतात, नाहीतर जास्त मेगापिक्सेलवाल्यावर उगाच अन्याय होतो. तिथे कळलं की नव्या तिघांत उन्नीस-बीसच आहे.

कॅमेरासाइझ ह्या, कॅमेऱ्यांची मापं शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या साइटवर दुसरा भ्रम गेला. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवा कॅमेरा, हलकाच असणार, असं मी धरून चाललो होतो. झेड५० टू बॅटरी-कार्डासकट ५५० ग्रॅम, म्हणजे माझ्या जुन्यापेक्षा थोडा जडच. समोरून दोघे जुळे भाऊ. वरून बघितलं तर नवा जेमतेम सेंटीमीटरभर बारीक, आणि अ‍ॅडॉप्टर लावला की तेही संपलं.

बॅटरीच्या रकान्याने मात्र घाबरवलं होतं. एका चार्जवर जुन्याला ६०० फोटो, नव्याला त्याच्या निम्मेही नाहीत. पुढे कळलं, ज्या कॅमेऱ्यात फ्लॅश असतो त्याच्या चाचणीत एकाआड एक फोटो फ्लॅश मारून काढतात. आपण कालोत फ्लॅशच मारत नाही, तेव्हा आकडा जसाच्या तसा धरायचं कारण नाही. तरी एक जादा बॅटरी घेतलीच.

घेतला झेड५० टू, म्हापशात हातात धरून बघून. सोनीत बॉडीमध्येच स्टॅबिलायझेशन आहे, ह्यात नाही; पण नाचणाऱ्या संकासुराला त्याचा काय उपयोग? हात स्थिर राहील, तो कुठे राहणार!

तुलनेच्या प्रत्येक तक्त्यात 'सायलेंट शटर'पुढे हिरवी खूण होती. मला ती हवीच होती. जुन्याचा आरसा खटॅक वाजायचा आणि पुढच्या रांगेतले आजोबा वळून बघायचे. पहिल्याच रात्री सायलेंट लावून काढलेल्या सगळ्या फोटोंवर आडवे पट्टे. आता रंगमंचावर एलईडी असतात, त्यांचं लुकलुकणं डोळ्याला दिसत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटरला दिसतं. खूण हिरवीच, खाली टीप एकही नाही. मेकॅनिकल शटर लावलं, पट्टे गेले.

आजोबांनी वळून बघितलं. पण पूर्वीइतकं रागाने नाही.