मेटोप्रोलॉल सक्सिनेट 50 : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मेटोप्रोलॉल हे बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयावरचा अॅड्रेनलिनचा परिणाम रोखून नाडी आणि रक्तदाब उतरवणारं औषध. रोज एक गोळी, नाश्त्यानंतर, ठरलेल्या वेळी. गोळी आपलं काम चोख करते. विश्रांतीतली नाडी 84 वरून 62 च्या आसपास आली आणि तिथेच टिकली, धडधड थांबली. पहिले तीन-चार आठवडे जिना चढताना पाय जड वाटतात, हात गार पडतात, ते पुढे बरंच कमी होतं. तक्रार गोळीबद्दल नाहीच. या गोळीसोबत घरातल्या इतर कोणत्या औषधांचं जमत नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हे सविस्तर.

आधी स्ट्रिप नीट वाचा. मेटोप्रोलॉल दोन प्रकारचं मिळतं. टार्ट्रेट लवकर उतरतं, म्हणून दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. सक्सिनेट दिवसभर हळूहळू सुटतं आणि नावापुढे एक्सएल किंवा ईआर असतं. दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हणून एकाऐवजी दुसरं दिलं तर मात्रेचं गणितच बदलतं. सक्सिनेटच्या स्ट्रिपवर बारीक अक्षरात 47.5 मिग्रॅ दिसलं तर घाबरू नका. ते 50 मिग्रॅ टार्ट्रेटच्या बरोबरीचं असतं. 25 च्या गोळीवर तसंच 23.75 छापलेलं असतं. नावात एएम जोडलेलं असेल तर सहसा सोबत अम्लोडिपिन हे रक्तदाबाचं दुसरं औषध असतं, म्हणजे ते वेगळंच औषध झालं. मधे रेघ असलेली एक्सएल गोळी रेघेवर अर्धी करता येते. चावायची किंवा कुटायची मात्र नाही, नाहीतर दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो.

एखाद्या दिवशी विसरलात तर आठवल्यावर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती चुकलेली सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. बरं वाटतंय म्हणून बंद करणं हे सर्वांत धोक्याचं. औषध चालू असताना हृदयावरचे अॅड्रेनलिनचे ग्राही (अॅड्रेनलिन जिथे जोडलं जातं त्या जागा) वाढलेले असतात. गोळी अचानक थांबली की त्या सगळ्यांवर अॅड्रेनलिनचा मारा होतो. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत त्यांना छातीत दुखू शकतं, झटकाही येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत मात्रा उतरवत आणतात. गावाला जाताना चार दिवसांच्या जादा गोळ्या बरोबर ठेवा.

आता इतर औषधं. मेटोप्रोलॉल यकृतातल्या एका विकराकडून (एन्झाइमकडून) फुटतं. नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन या गोळ्या, नायट्यासाठीची टर्बिनाफिनची गोळी, आणि खोकल्याच्या काही सिरपमधलं डायफेनहायड्रामीन त्याच विकराला अडवतात. मग 50 ची गोळी त्याहून मोठ्या मात्रेसारखी वागते: नाडी मंद, चक्कर, गळाठा. त्वचेच्या डॉक्टरांना हृदयाच्या गोळीचं सांगायचं कुणाला सुचत नाही, आणि नेमकं तिथेच चुकतं. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम ही हृदयाची, रक्तदाबाची औषधं सोबत असतील तर नाडी फारच उतरू शकते, तो निर्णय हृदयतज्ज्ञांचाच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक रोज घेतलं तर रक्तदाब उतरवण्याचा परिणाम फिका पडतो. सर्दीच्या गोळीत फेनिलेफ्रिन असेल तर रक्तदाब वर जाऊ शकतो. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब हेही बीटा-ब्लॉकरच. डोळ्यातून रक्तात उतरतात, म्हणून थेंब टाकल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा.

‘आयुर्वेदिक आहे, चालतं’ हेही तपासून घ्या. सर्पगंधेत रेसरपिन असतं. तेही नाडी आणि रक्तदाब उतरवतं, दोन्ही मिळून जास्तच उतरतात. ज्येष्ठमध भरपूर आणि रोज घेतला तर उलट रक्तदाब वाढतो.

दमा असेल तर गोळी सुरू होण्याआधीच सांगा. मेटोप्रोलॉल मुख्यतः हृदयावर काम करतं, पण मात्रा वाढली की श्वासनलिकेवरही परिणाम दिसतो आणि साल्ब्युटामॉलचा पंप कमी लागू पडतो. प्रोप्रानोलॉल हे दुसरं बीटा-ब्लॉकर तर दम्यात टाळतातच.

मधुमेहींसाठी वेगळी खबरदारी. साखर उतरली की धडधड आणि थरथर होते, ती खूण ही गोळी झाकते. घाम मात्र येतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना एकादशी-चतुर्थीचा उपवास करणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि त्या दिवशी कारण नसताना घाम फुटला की लगेच ग्लुकोमीटरवर साखर बघा.

नाडी आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं बसल्यावर, पूर्ण 60 सेकंद मोजून वहीत लिहा. 50 च्या खाली गेली, किंवा चक्कर, अंधारी, नवी धाप, पायाला सूज आली तर पुढच्या तपासणीची वाट न बघता फोन करा. मॉर्निंग वॉकला घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका, कारण या गोळीवर नाडी फार चढतच नाही. चालताना सलग बोलता येतंय ना, एवढं बघा.

शस्त्रक्रिया किंवा दात काढायचा असेल तर गोळीचं नाव आणि मात्रा आधी सांगा. कुणी न सांगता स्वतःहून त्या दिवशीची गोळी चुकवू नका. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची) तपासणीआधी बंद ठेवायची की नाही, हे तपासणी लिहून देणाऱ्यालाच विचारा.