विंडोज खोटं बोलेल का?

अमळनेरला माझं लग्नपत्रिका आणि बॅनर डिझाइनचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक काँप्युटर, एक प्रिंटर, दोन खुर्च्या. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तिचीच पुढे विप्रो झाली, त्या गावात राहून मला काँप्युटरचा पडदा धड विकत घेता आला नाही, हे आधीच कबूल करतो. नंतर टोमणे नकोत.

चाळिशी लागली आणि एकोणीस इंची मॉनिटरवरचे अनुस्वार दिसेनासे झाले. एका पत्रिकेत 'सौ. कां.' चं 'सौ. का.' छापलं गेलं, तीनशे पत्रिका पदरमोड करून पुन्हा काढून दिल्या. तेव्हा मेव्हण्यानं सुचवलं, मॉनिटर कशाला, ४३ इंची फोरके टीव्ही लाव. सल्ला चुकीचा नव्हता. खऱ्या फोरके पडद्यावर ३८४० × २१६० ठिपके असतात. ४३ इंचात ते पसरले तर इंचाला शंभराच्या थोडे वरच पडतात, म्हणजे २४ इंची फुल एचडी मॉनिटरपेक्षाही थोडे दाट. जवळ बसून काम करता येतं आणि अख्खी पत्रिका, आतली-बाहेरची बाजू, एकदम समोर मांडता येते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, लग्नसराईच्या तोंडावर, धुळ्याला गेलो. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत. हे दुकान कितव्या गल्लीत ते सांगत नाही. दुकानदार अहिराणीत बोलायला लागला आणि तिथंच मी विरघळलो. "भाऊ, तुमले फसाडीसन मी कथा जासू?" म्हणजे तुम्हाला फसवून मी कुठं जाणार? चहा आला. भिंतीवरच्या टीव्हीवर पेनड्राइव्हमधला व्हिडिओ चालू होता: लाल-निळे पोपट, धबधबा, कापलेलं डाळिंब. सात-आठ फुटांवरून डाळिंबाचा दाणा न् दाणा चमकत होता. आता कळतं, की डाळिंब कुठल्याही टीव्हीवर चांगलंच दिसतं. अक्षरं दाखवा म्हणायला हवं होतं, आणि दोन फुटांवर खुर्ची ओढून बसायला हवं होतं.

किंमत साडेचौदा हजार. नावाजलेल्या कंपन्यांचे त्या मापाचे फोरके टीव्ही तेव्हा याच गल्लीत पंचवीसच्या आसपास सांगत होते. या कंपनीचं नाव एका प्रसिद्ध कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून केलेलं. घासाघीस व्हॉट्सॲपवर झाली होती, त्यात त्यानं स्वतः लिहिलेलं, '४३ फोरके यूएचडी फायनल १४५००'. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी २८ टक्के वर पडेल. तेव्हा ३२ इंचांवरच्या टीव्हीला तेवढाच होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. मी कच्च्या बिलावर राजी झालो. चिठ्ठीवर फक्त 'एलईडी ४३'. मॉडेल नाही, रिझोल्यूशन म्हणजे ठिपक्यांचा आकडा नाही. चार हजार वाचवल्याच्या आनंदात खोकं एसटीच्या डिकीत टाकून घरी आलो.

जोडला, आणि अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी. खालचा टास्कबार अर्धा कापलेला, माऊस ओढत नेल्यासारखा. फोन केला तर म्हणाला, सेटिंगचा प्रॉब्लेम. गंमत अशी, की यातलं थोडं खरं होतं. टीव्ही चित्राच्या कडा कापून ते ताणतो, ते मेनूतून बंद करावं लागतं. शार्पनेस खाली आणावा लागतो. आणि बरेच टीव्ही रंगाची माहिती निम्म्याच ठिपक्यांची घेतात. काळ्या अक्षरांना फार फरक पडत नाही, पण पिवळ्यावर लाल अक्षरं फिसकटतात, आणि आमच्या धंद्यात पिवळ्यावर लाल सोडून असतं काय? त्यासाठी इनपुटला पीसी मोड द्यावा लागतो. माझ्या टीव्हीत तो नव्हताच. या सेटिंगच्या नादात पंधरा दिवस गेले. कडा जागेवर आल्या, अक्षरं काही आली नाहीत.

टीव्ही घेऊन पुन्हा धुळ्याला. त्यानं शांतपणे लॅपटॉप जोडला, डिस्प्ले सेटिंग उघडली आणि बोट ठेवलं: ३८४० × २१६०. "भाऊ, कंपनी खोटं बोलेल, मी खोटं बोलेन. विंडोज खोटं बोलेल का?" दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मी टीव्ही उचलून परत आलो. चष्म्याचा नंबर तपासून घेतला, तोही बरोबर निघाला.

माझ्या दुकानाशेजारी घड्याळं दुरुस्त करणारे आबा बसतात. त्यांच्याकडे मी आठवडाभर हेच रडगाणं गात होतो. एके दिवशी वैतागून त्यांनी डोळ्यात धरायचं भिंग माझ्या हातात ठेवलं. "मोजी देख."

पडदा पूर्ण पांढरा केला, त्यावर शाळेची पट्टी आडवी धरली, भिंगातून पाहिलं. पांढरं कुठंच नव्हतं. लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या काड्या, मग बारीक काळी फट, पुन्हा तीन काड्या. तीन काड्यांचा एक ठिपका. एका सेंटिमीटरमध्ये मोजले तर चौदा. जागा बदलून पाहिलं, चौदाच. ४३ इंची पडदा रुंदीला साधारण ९५ सेंटिमीटर भरतो. फोरके असता तर सेंटिमीटरला चाळीस ठिपके यायला हवे होते. चौदा म्हणजे १३६६ × ७६८, छोट्या स्वस्त टीव्हीत असतं ते पॅनल, ४३ इंचांवर ताणलेलं.

मग विंडोज खोटं बोललं का? नाही. टीव्ही केबलमधून काँप्युटरला कळवतो की मी अमुक मापापर्यंतचं चित्र घेऊ शकतो. विंडोज तेवढंच छापतं. आत आलेलं चित्र टीव्हीचं बोर्ड मुकाट्यानं लहान करून काचेवर टाकतं. माझ्या भाषेत सांगायचं तर पत्रिका वाटल्या चारशे ऐंशी आणि पंगतीत पत्रावळी साठ: आठ जणांत एक. खोक्यावर हे लिहिलेलंही होतं. वितभर 'फोरके'खाली तांदळाच्या दाण्याएवढं 'सपोर्ट'. खोकं बायकोनं बिबड्या ठेवायला माळ्यावर टाकलं होतं म्हणून वाचलं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. पक्कं बिल नसल्यानं धाकधूक होती, पण यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपचा मेसेज, खोक्याचा आणि पट्टीसकट पडद्याचा फोटो एवढं जमा होतं. तक्रार नोंदली गेली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो, म्हणजे माल धुळ्याचा असला तरी मला जळगाव चालणार होतं. पाच लाखांपर्यंतच्या मालाला दाव्याची फी नाही, मुदत दोन वर्षं. हे सगळं मी दुकानदाराला फोनवर सांगितलं, या वेळी अहिराणीत नाही. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, टीव्ही घेऊन या.

दरम्यान उसनवारी करून दुसरा टीव्ही घेतला, नाशिकला राहणाऱ्या भावाबरोबर जाऊन. या वेळी लॅपटॉप, एचडीएमआय केबल आणि आबांचं भिंग सोबत. लॅपटॉपवर एक चित्र करून नेलं होतं, ३८४० × २१६० मापाचं, एक ठिपका काळी आणि एक ठिपका पांढरी अशा उभ्या रेघांचं. ते शंभर टक्क्यांवर उघडलं की खऱ्या पडद्यावर भिंगातून रेघ न् रेघ सुटी दिसते; खोट्यावर करडा गाळ किंवा जाड लाटा. पेनड्राइव्हवरून दाखवू नका, टीव्हीचं ॲप बरेचदा चित्र आधीच लहान करतं. लॅपटॉपवर ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं, येतंय का तेही पाहिलं, कारण एचडीएमआय १.४ च्या पोर्टवर फोरके ३० पर्यंतच जातं आणि माऊस तसाच रखडतो. मग मागच्या लेबलवरचा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, आर-नंबर (नोंदणी क्रमांक) बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघितला. सेल्समन पुरता वैतागला. पिवळ्यावर लाल अक्षरं टाकून दाखव म्हटलं तेव्हा त्यानं मॅनेजरला बोलावलं. पण पीसी मोड त्या मॅनेजरनंच काढून दिला आणि 'सौ. कां.' चा अनुस्वार लख्ख दिसला.

धुळ्याच्या दुकानदारानं टीव्ही ठेवून घेतला आणि अकरा हजार हातावर ठेवले. उघडलेल्या मालाची घट म्हणून साडेतीन हजार कापले होते. मी उठेना, तेव्हा म्हणाला, ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर देतो. आखाजी गेली, श्रावणातले कानबाईचे रोट झाले, दिवाळीही झाली. फोन लावला की "देसू ना भाऊ" म्हणतो, अगदी गोड अहिराणीत.