उभ्या गाडीत कस लागणारा कंडेन्सर

मोटारीच्या एसीचा कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेरच्या हवेत सोडणारी पुढची जाळी, बदलून एक पूर्ण उन्हाळा उलटला आहे, त्यामुळे त्याच्याविषयी आता थोड्या खात्रीने लिहिता येईल. मूळ कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्याला खडा लागून बारीक गळती सुरू झाली होती. एका वर्कशॉपने ती न शोधता दोनदा नुसता गॅस भरून दिला आणि दोन्ही वेळा महिन्याभरात वारा पुन्हा कोमट झाला. अखेर दुसऱ्या मेकॅनिकने बंपर उतरवला, तेव्हा जाळीवर तळहाताएवढा, धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला. गॅसबरोबर तो दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते आणि गळतीच्या जागी तेच बाहेर येते. ते पाहायला डोळे पुरतात, बंपर मात्र उतरवावा लागतो.

नवा कंडेन्सर पर्यायी उत्पादकाचा, संपूर्ण ॲल्युमिनिअमचा आणि पॅरलल फ्लो पद्धतीचा आहे. जुन्या गाड्यांत एकच नळी नागमोडी वळवून बसवलेली असे; इथे दोन्ही बाजूंच्या उभ्या नळ्यांना चपट्या आडव्या नळ्या जोडलेल्या असून प्रत्येकीच्या पोटात अनेक बारीक वाहिन्या आहेत, त्यामुळे तेवढ्याच जागेत गॅसची उष्णता धातूला आणि धातूची हवेला लवकर मिळते. जोडकाम नीटस आहे आणि ओलावा शोषणारा ड्रायर कडेलाच बसवलेला आहे.

गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा इतका असतो की सुमार कंडेन्सरही खपून जातो. खरा कस लागतो तो गाडी उभी असताना, कारण तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर असते आणि इंजिन मंद फिरत असल्याने कॉम्प्रेसरही सुस्तावतो. मी मधल्या झरोक्यात थर्मामीटर अडकवून पाहिले: चालत्या गाडीत ७ अंश सेल्सिअस, भर दुपारी पंधरा मिनिटे उभ्या गाडीत ११. जुना कंडेन्सर धड होता तेव्हाही आकडे जवळपास हेच होते, म्हणून या बाबतीत माझी काही तक्रार नाही. प्रवासी विमानांनाही ही अडचण चुकलेली नाही. बहुतेक विमानांत थंडाव्यासाठी असा गॅस नसतोच. दाबलेली गरम हवा बाहेरच्या हवेने निववून टर्बाइनमधून प्रसरण पावू देतात आणि ती गार होते. पण जमिनीवर उभ्या विमानात बाहेरची हवा आपसूक आत शिरत नाही, तिथेही ती पंख्यानेच ओढावी लागते.

उणिवा बसवताना दिसल्या. एका ब्रॅकेटचे भोक तीनचार मिलिमीटर सरकलेले होते, ते कानसावे लागले. सोबतच्या पत्रकात नव्या कंडेन्सरसाठी किती तेल घालायचे याचा उल्लेखच नव्हता, आणि ही चूक मला क्षम्य वाटत नाही, कारण तेल कमी पडले तर कॉम्प्रेसर घासतो आणि जास्त झाले तर थंडावा घटतो. तोंडांवरची बुचे मात्र घट्ट होती, हे फार बरे. माझ्या गाडीत आर-१३४ए गॅस आहे. त्यासोबत वापरले जाणारे पॅग तेल आणि ड्रायरमधले दाणे हवेतला ओलावा झपाट्याने शोषतात, म्हणून बुचे अगदी जोडणीच्या क्षणापर्यंत काढू नयेत. ज्या ठिकाणी व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओलावा नीट काढत नाहीत, गॅस काट्यावर तोलून भरत नाहीत, तिथे हा भाग बसवून घेण्यात अर्थ नाही. मग तो कितीही चांगला असो.

जाळीतली पातळ धातूची पाती मूळच्यापेक्षा मऊ आहेत. गाडी धुताना पाण्याचा फवारा दुरून आणि सरळ मारावा. एकदा तो जोरात तिरका मारला गेला आणि माझ्या जाळीच्या डाव्या कोपऱ्यात चार बोटांएवढी पाती आडवी झाली, ती कंगव्याने उभी करूनही पूर्वीसारखी सरळ झाली नाहीत.