पाटी नसलेलं बाइंडिंगचं दुकान, बडोद्याच्या मांडवीजवळ: पाचपैकी चार

दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव सांगता येणार नाही. मांडवीकडून गल्लीत शिरलात की खळीचा वास येतो, तेच.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी 37 फुटांवर गेली तेव्हा आमच्या मुजमहुड्याच्या घरात तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. आम्ही वर शेजाऱ्यांकडे. खाली पार्किंगमध्ये मगर दिसते का, हे पोरं टॉर्च मारून बघत होती. (आमच्याकडे नव्हती. इतरांकडे निघाल्या.) तिसऱ्या दिवशी उतरलो. सोफा, फ्रीज, गव्हाची कोठी, सगळं गेलेलं. पितळेचे देव चिंचेने घासले, लख्ख झाले. देवघराच्या खालच्या खणातलं गुरुचरित्र मात्र फुगून उशीएवढं.

नाना, म्हणजे माझे सासरे, 81 वर्षांचे. चौदावा अध्याय वाचल्याशिवाय सकाळचा चहा नाही. संकटात हाच अध्याय वाचतात, आणि संकट आलं तर पोथीच पाण्यात! पाठ आहे त्यांना, पण एका ओवीशी अडायचे. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच. मग गप्प. विम्याचा सर्व्हेअर आला तरी खाटेवरून उठले नाहीत. नवी पोथी आणून दिली, तिला हात लावला नाही. ही त्यांच्या वडिलांची, गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीपाशी वाचलेली.

ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, गोठवला तर थांबते, हे भाच्याला ठाऊक होतं. नणंदेकडे वीज होती. तिच्या फ्रीजरमध्ये, मटार आणि आइस्क्रीमच्या मधे, गुरुचरित्र! नानांना एवढंच सांगितलं, 'नीट ठेवलंय.'

बाइंडरकाकांनी पोथी उघडली नाही, आधी वास घेतला. नानांनी उन्हात टाकलेली चार पानं पापडासारखी वळली होती, ती बघून मला रागावले. मग थोडी थोडी पानं सुटी करायची, बांबूच्या चपट्या काडीने. टीपकागदात घालायची, वर फळी, सावलीत पंखा. टीपकागद दिवसातून दोनदा बदलायचा. पानापानांत कुंकू उतरलं होतं. डाग जातील का विचारलं तर म्हणाले, "ए रहेवा दो, बेन." त्यांच्या मागच्या रॅकवर गायकवाड प्राच्यविद्या मालेचे, म्हणजे बडोद्याच्याच संस्कृत ग्रंथमालेचे, जुने खंड होते, म्हणजे माणूस कच्चा नव्हे.

नाना रोज काय वाचतात, ते मी बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. आठवड्याने काकांचा फोन: चौदाव्याची पानं आधी सुकवलीत, घेऊन जा. एका पानाचा कोपरा गेलेला, तिथे दुसऱ्या प्रतीची झेरॉक्स पातळ कागदावर घेऊन चिकटवली होती. नानांनी दारातच चष्मा लावला. अडायचे ती ओवी नेमकी त्या झेरॉक्सवर निघाली. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून वाचायला बसले, चहा मागितला आणि विम्याची फाइल कुठे आहे म्हणून माझ्यावर ओरडले. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. मी स्वतः फारशी देवभोळी नाही.

आता तक्रार. पंधरा दिवसांचे अडीच महिने झाले. "आ तो पोथी छे, उतावळ नहीं चाले," हे मी निदान दहादा ऐकलं. 14 डिसेंबरला दत्तजयंती, त्याआधी सप्ताह बसायचा, आणि पोथी हातात आली नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. जीव टांगणीला. शिवाय भगवं कापड सांगितलं होतं, त्यांनी मरून रंगाचं लावलं. नाना म्हणाले, राहू दे.

1,200 रुपये घेतले, रोख, यूपीआय नाही. दुपारी एक ते चार बंद. जाताना कापड आपलं आपण न्या. आणि भिजलेलं पुस्तक कृपा करून उन्हात टाकू नका, काका फार बोलतात.