ब्लेंडरची आउटपुट बाजू : चित्रमालिकेसाठी उत्तम, पारदर्शक व्हिडिओसाठी अवघड
ब्लेंडर या त्रिमितीय अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दृश्य कसे उभारावे याबद्दल पुष्कळ लिहिले जाते, पण तयार फ्रेम (अ‍ॅनिमेशनमधले एकेक चित्र) कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये उतरवावी याबद्दल फार थोडे. माझ्या मते या मुक्त सॉफ्टवेअरची खरी ताकद तिथेच आहे, आणि तिचे श्रेय मुख्यतः ओपनइएक्सआर या फाइलप्रकाराला जाते.

इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीने विकसित करून २००३ मध्ये खुला केलेला हा प्रकार प्रत्येक रंगमूल्य १६ किंवा ३२ बिटांच्या दशांश संख्येत साठवतो, त्यामुळे खिडकीबाहेरचे आकाश पडद्यावर पांढरेफटक दिसत असले तरी नंतर उजेड कमी करताच त्यातले ढग परत मिळतात. पीएनजी १६ बिटांचे घेतले तरी ही सोय मिळत नाही, कारण ब्लेंडरच्या ४.० आवृत्तीपासून आपोआप लागू होणारे एजीएक्स रंगरूपांतर (दृश्यातला उजेड पडद्याच्या रंगांत बसवणारे) त्या फाइलमध्ये कायमचे मुरते. बहुस्तरीय ओपनइएक्सआरमध्ये सावल्या, खोली आणि क्रिप्टोमॅट (एकेक वस्तू वेगळी निवडू देणारी माहिती) यांचे पासही, म्हणजे चित्राचे वेगवेगळे थरही, एकाच फाइलीत राहतात, म्हणून एखाद्या वस्तूचाच रंग बदलायचा असेल तर पुन्हा रेंडर करावे, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र काढून घ्यावे, लागत नाही. याची किंमत डिस्कवर मोजावी लागते. १९२० × १०८० ची, चार चॅनेलची (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता सांगणारा आल्फा) १६ बिटी फ्रेम दाबण्यापूर्वी सुमारे १६.६ एमबी भरते, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम या गतीने दहा सेकंदांना जवळपास ४ जीबी. झिप पद्धतीने दाबल्यास एकही मूल्य न गमावता हा भार हलका होतो; डीडब्ल्यूएए ही दुसरी पद्धत त्याहून लहान फाइल देते, पण थोडा तपशील गमावून.

थेट एमपी४ रेंडर करण्याचा मोह मात्र टाळावा. मध्येच वीज गेली, तर अर्धवट फाइल बहुधा उघडतच नाही. चित्रमालिकेत, म्हणजे प्रत्येक फ्रेम वेगळ्या चित्रफाइलीत उतरवल्यास, तयार फ्रेम सुरक्षित राहतात, आणि ‘ओव्हरराइट’ बंद ठेवले की काम थांबले होते तिथूनच पुढे सुरू होते. जोडीला ‘प्लेसहोल्डर्स’ (सुरू झालेल्या फ्रेमच्या जागी रिकामी फाइल ठेवणारा पर्याय) चालू केले तर एकाच सामायिक फोल्डरवर अनेक संगणक काम वाटून घेऊ शकतात. ही सोय मला फार मोलाची वाटते. मालिकेचा व्हिडिओ नंतर ब्लेंडरच्याच व्हिडिओ सीक्वेन्सरमध्ये करता येतो.

उणिवा मांडणीत आहेत. जेपेगमध्ये टक्क्यांची पट्टी गुणवत्ता ठरवते, तर पीएनजीमध्ये तशीच दिसणारी पट्टी फक्त दाबण्याचे प्रमाण ठरवते. तिथे आकडा वाढवल्याने चित्र सुधारत किंवा बिघडत नाही, फक्त फाइल लहान होते आणि जतन करायला जास्त वेळ लागतो. पट्ट्यांवरची नावे वेगळी असली, तरी नवशिक्याच्या हा फरक सहज लक्षात येत नाही. हलते जीआयएफ थेट निघतच नाही, त्यासाठी चित्रमालिका एफएफएमपेगसारख्या बाहेरच्या साधनाकडे न्यावी लागते. पारदर्शक व्हिडिओची वाटही आडवळणाची आहे : नेहमीच्या एच.२६४ कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत) आल्फा चॅनेल बसत नाही आणि आरजीबीए, म्हणजे रंगांसोबत आल्फाही साठवण्याचा पर्याय, योग्य कोडेक निवडल्यावरच दिसतो, त्यामुळे क्विकटाइम कंटेनर (व्हिडिओ फाइलचा प्रकार) आणि त्यातील अ‍ॅनिमेशन कोडेक यांसारखी एखादी जोडी वापरणाऱ्याला आधीच ठाऊक असावी लागते.