बहिणी आधी की भाऊ? सीक्रेट सिस्टर्स आणि कॅक्टस ब्लॉसम्स

परवा मावसभावाने विचारलं, जुनं कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं गिटारवालं संगीत, ऐकायचंय पण पन्नाशीच्या दशकातली ती खरखर कानाला झेपत नाही, आजच्या काळात कोणी तसं गाणारं आहे का? म्हटलं आहेत की, दोन जोड्या आहेत, एक सख्ख्या बहिणींची आणि एक सख्ख्या भावांची. मग तो म्हणाला दोन नको, एक सांग. इथे माझी पंचाईत झाली म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपल्याकडे दोघं गातात म्हणजे जुगलबंदी, एक थांबला की दुसरा उचलतो. इथे तसं नाही, इथे दोघं एकाच वेळी तेच शब्द गातात, फक्त एक सा वर असेल तर दुसरा ग वर, आणि श्वाससुद्धा एकाच जागी. भावंडं एकाच घरात बोलायला शिकलेली असतात त्यामुळे उच्चार, स्वर लांबवायची सवय, सगळं सारखं, म्हणून दोन आवाज असे चिकटतात की तिसराच आवाज ऐकू येतो. अमेरिकेत याला ब्लड हार्मनी म्हणतात, म्हणजे रक्ताच्या नात्यातला सुरांचा मेळ. या प्रकारातले बापमाणूस म्हणजे लूविन ब्रदर्स, अलाबामाचे, आयराकडे मॅन्डोलिन आणि वरचा आवाज, चार्लीकडे गिटार. १९६३ ला भांडून वेगळे झाले आणि १९६५ मध्ये आयरा कार अपघातात गेला.

सीक्रेट सिस्टर्स, म्हणजे लॉरा आणि लिडिया रॉजर्स, त्याच अलाबामातल्या, मसल शोल्सच्या भागातल्या. त्यांचं चर्च असं की तिथे वाद्यं वाजवतच नाहीत, नुसत्या गळ्यावर गायचं, तर हार्मनीची तालीम तिथेच झाली. २००९ मध्ये नॅशव्हिलला ऑडिशन दिली लॉराने, मग लिडियालाही गायला लावलं आणि मग दोघींना एकत्र, आणि बहुतेक तिथेच समोरच्यांचे डोळे चमकले असणार. २०१० चा पहिला अल्बम जुन्या धाटणीच्या उपकरणांवर रेकॉर्ड केलाय, हँक विल्यम्स, जॉर्ज जोन्स, बक ओवेन्स अशा जुन्या कंट्री गायकांची गाणी आणि लॉराची स्वतःची फक्त दोन. मावसभावाला जे हवंय ते शब्दशः हेच.

कॅक्टस ब्लॉसम्स मात्र पार वरच्या थंड मिनेसोटाचे, मिनियापोलिसचे. जॅक टोरी आणि पेज बर्कम. आडनावं वेगळी बघून मी पण आधी फसलो होतो, पण भाऊच आहेत, जॅकने स्टेजसाठी नाव बदललंय. हे पण बारमध्ये जुनी गाणी गातच वर आले, पण २०१६ चा ‘यू आर ड्रीमिंग’ ऐकाल तर बहुतेक गाणी त्यांची स्वतःची, फक्त ऐकताना वाटतं की कुठल्यातरी जुन्या ज्यूकबॉक्समध्ये राहून गेली होती. यांच्यात लूविनपेक्षा एव्हर्ली ब्रदर्स (तीही जुनी भावांचीच जोडी) जास्त, म्हणजे गोडवा जास्त, रडारड कमी.

आता गंमत बघा, दोन्ही जोड्यांचं ‘मिसिसिपी’ नावाचं गाणं आहे. भावांचं म्हणजे नदीवरचं, ती नदी त्यांच्या शहरातूनच वाहते, संथ चाल, नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर करत गातात आणि आपण नावेत पडून आहोत असं होतं. २०१७ च्या ‘ट्विन पीक्स’ या टीव्ही मालिकेच्या तिसऱ्या भागाच्या शेवटी दिग्दर्शक डेव्हिड लिंचने हेच वाजवून घेतलंय. बहिणींची मिसिसिपी नदी नाही, शेजारचं राज्य. त्यांच्या आधीच्या अल्बममध्ये ‘आयुका’ नावाचं गाणं आहे, आयुका म्हणजे त्या राज्यातलं एक गाव, प्रेमिक पळून लग्न करायला त्या गावी निघतात आणि मुलीचा बाप त्यांना मारतो, आणि ‘मिसिसिपी’मध्ये तीच गोष्ट बाप सांगतो. दोन बायका एकत्र एका खुनी बापाचं मन गातात, मी ते रात्री हेडफोनवर ऐकलं आणि उठून दिवा लावला, खोटं नाही सांगत.

ते गाणं २०१७ च्या ‘यू डोन्ट ओन मी एनीमोर’ मधलं, आणि माझ्या मते बहिणींचा खरा अल्बम हाच. मधे दुसरा अल्बम आला होता, त्यात बॉब डिलनचं अर्धवट राहिलेलं एक गाणं या दोघींनी पूर्ण केलं होतं, तरी अल्बम चालला नाही, रेकॉर्ड कंपनीने सोडून दिलं, कोर्टकचेरी, दिवाळखोरी, लॉरा लोकांच्या घरी साफसफाईला जायला लागली. मग गायिका ब्रँडी कार्लाइलने निर्मिती हातात घेतली, चाहत्यांनी पैसे जमवले, आणि अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. पण यात शुद्ध जुनं कंट्री शोधाल तर निराश व्हाल, हा फोककडे, म्हणजे लोकसंगीताकडे, झुकलाय. २०२० च्या ‘सॅटर्न रिटर्न’मध्ये तर दोघी बऱ्याच ठिकाणी एकेकट्या गातात, चांगलंय, पण हार्मनीसाठी आलेल्या माणसाने तिथून सुरुवात करू नये.

भाऊ सुद्धा एका जागी थांबलेले नाहीत. २०१९ च्या ‘ईझी वे’मध्ये इलेक्ट्रिक गिटार पुढे आलाय. तक्रार एकच, सलग ऐकलं तर चारपाच गाण्यांनंतर चाली एकमेकांत मिसळायला लागतात, सगळंच इतकं गुळगुळीत की कुठे अडखळायलाच होत नाही. बहिणींचं उलट, त्यांचं एक गाणं ऐकलं की लगेच दुसरं लावायची हिंमत होत नाही.

तर मावसभावाला मी बहिणींचा २०१० चा अल्बम पाठवला, कारण त्याने जुनं मागितलं होतं. बायकोला पाठवायचा असता तर भावांचा २०१६ चा पाठवला असता, स्वयंपाक करताना लावायला त्यासारखं काही नाही. आणि तुम्हाला एकच गाणं ऐकून ठरवायचं असेल तर दोन्ही मिसिसिपी लागोपाठ लावा, आधी भावांची, मग बहिणींची. उलट्या क्रमाने लावू नका, नदी फुकट जाईल.