नागपूरच्या उन्हाळ्यात घरी वाइन: कम्प्रेसरवाल्या वाइन फ्रिजचा रिव्ह्यू

मुद्द्याचं आधी सांगतो. १८ बाटल्यांचा, कम्प्रेसरवाला, सिंगल झोन (म्हणजे आत सगळीकडे एकच टेंपरेचर सेट होतं) वाइन फ्रिज घेतला, एक अख्खा उन्हाळा नवतप्यासकट (मे अखेरचे ते नऊ सगळ्यात तापते दिवस) त्याच्यासोबत काढला, आणि मी खूश आहे. पाचपैकी चार स्टार. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण या साइझची बरीचशी मशिनं आतून सारखीच असतात, कोणत्या प्रकारचं घ्यायचं हे कळणं जास्त महत्त्वाचं आहे, आणि तिथेच लोक फसून राहिले.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे पेल्टियरवाला, त्यात कम्प्रेसर नसतो, करंट गेला की एका चकतीची एक बाजू थंड होते आणि दुसरी गरम, गरम बाजूची हवा पंखा बाहेर फेकतो, बस. आवाज जवळजवळ नाही, थरथर नाही, स्वस्त आहे, दिसायलाही भारी. पण तो बाहेरच्या हवेपेक्षा फार तर १२-१५ डिग्रीच खाली जाऊ शकतो हे सेल्समन सांगत नाही. आता मे महिन्यात आपल्या हॉलमध्ये दुपारी ३८ असतं (बाहेर ४५), मग आत किती राहणार तुम्हीच हिशोब करा, २३-२४ च्या खाली येतच नाही, आणि मशीन मात्र चोवीस तास चालू. धरमपेठेत एका मित्राकडे असाच आहे, हिवाळ्यात मस्त चालतो, होळी झाली की त्याचं नुसतं कपाट होतं. ज्याच्या घरी ती खोली दिवसरात्र एसीत असते त्याने घ्यावा, बाकी विदर्भ मराठवाड्यात कोणी घेऊ नका भाऊ.

दुसरा कम्प्रेसरवाला. हा आपल्या साध्या फ्रिजसारखाच चालतो, माझ्यात गॅसही तोच आहे, आर६००ए. पण इथेही एक गोष्ट बघायची, मागे किंवा आत चिकटवलेल्या पट्टीवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. एन म्हणजे ३२ डिग्रीपर्यंतच्या खोलीसाठी, एसटी म्हणजे ३८ पर्यंत, टी म्हणजे ४३ पर्यंत. बाहेरून आलेली बरीच मॉडेल्स एन किंवा एसटी असतात. दुकानात मी ती पट्टी दाखवायला सांगितली तर त्या पोराने पहिल्यांदाच बघितली, पण दाखवली. टी क्लासच घ्या, यात तडजोड नको.

आता खरंच आत किती टेंपरेचर राहतं ते. डिस्प्लेवर भरवसा ठेवू नका, तो हवेचं टेंपरेचर दाखवतो आणि वाइन असते बाटलीत. मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास रात्रभर ठेवला, सकाळी त्यात थर्मामीटर बुडवला, सेट केलं होतं १३, पाणी निघालं १४. वरच्या फळीवर १५, खाली १२ च्या आसपास. हे एकदम चांगलं आहे, वाइनला १० ते १५ मध्ये कुठेही चालतं, १२-१३ म्हणजे उत्तम, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते रोज वरखाली होऊ नये. दिवसा ३८ रात्री २९ असं झालं की बाटलीतली वाइन फुगते आणि आकसते, कॉर्क थोडा थोडा सरकतो, हवा आत जाते. वरचं वेष्टण काढल्यावर कॉर्कच्या कडेला चिकट लाल ओघळ दिसला की समजायचं बाटली तापलेली आहे, अशा वाइनला ताज्या फळाचा वास राहत नाही, शिजवलेल्या मुरंब्यासारखा गोडसर वास येतो. नवतप्यात भर दुपारी माझं मशीन जवळजवळ सतत चालून राहिलं होतं पण पाण्याचा ग्लास १५ च्या वर गेला नाही, माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले.

आपल्याकडची दुसरी भानगड म्हणजे कोरडेपणा. कॉर्कला ६०-७० टक्के आर्द्रता लागते, आणि एप्रिलमध्ये आपल्या हवेत त्याच्या अर्धीसुद्धा नसते. म्हणून कॉर्कवाली बाटली आडवीच ठेवायची, वाइन कॉर्कला लागून राहिली की तो वाळत नाही. मी खालच्या फळीवर एक वाटी पाणी ठेवतो, त्याने फरक पडतो. पावसाळ्यात उलटं होतं, दारावर दव येतं, तेव्हा वाटी काढून टाकायची नाहीतर लेबलं बुरशीने काळी पडतात. फिरकीच्या झाकणाची बाटली (सुलाच्या बऱ्याच बाटल्या तशाच येतात) उभी ठेवली तरी काही बिघडत नाही.

आता तक्रारी, एक स्टार कुठे गेला ते. १८ बाटल्या हे फक्त कागदावर, ते मोजतात सरळ खांद्याच्या बोर्दो टाइप बाटल्या. शॅंडन किंवा कुठलीही स्पार्कलिंग घेतली की बाटली जाड, फळी ओढता येत नाही, एक फळी काढूनच टाकावी लागली, म्हणजे १४ धरा. लाइट गेली आणि आली की सेटिंग आपोआप कंपनीच्या आकड्यावर परत जातं, मी १३ ठेवलेलं असतं आणि ते ८ होऊन बसतं, आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते माहितीये, दरवेळी जाऊन बघायचं म्हणजे वैताग आहे. स्टॅबिलायझर लावाच, वेगळा घ्यावा लागतो. मागे हवा खेळायला जागा सोडा, किचनच्या कपाटात ठोकून बसवायचा असेल तर पुढून हवा सोडणारं मॉडेलच मागा. आवाज साध्या फ्रिजएवढा आहे, बेडरूममध्ये नको.

सगळ्यांनी घ्यावा का? नाही. पैसे चांगल्या डबल डोअर फ्रिजएवढे जातात. तुम्ही महिन्याला एकदोन बाटल्या आणून संपवता तर घरचा फ्रिज पुरे, खालच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये आडवी ठेवा, काही आठवडे काहीच होत नाही. शेनिन ब्लांक, सोव्हिन्यॉन ब्लांक या आपल्या नाशिककडच्या व्हाइट तर ताज्याच प्यायच्या असतात, लेबलवरचं साल बघा आणि वर्ष-दोन वर्षांत संपवा, त्यांना साठवून काही मिळत नाही. मशीन त्याच्यासाठी आहे ज्याला अकलूजकडच्या फ्रातेलीची सेट्टे किंवा ग्रोव्हरची ला रिझर्व्ह अशी रेड तीनचार वर्षं ठेवून बघायचीये. तशी एक सेट्टे आत पडली आहे आणि तिची मला खरंच उत्सुकता आहे.

आणि रेड वाइन रूम टेंपरेचरला प्या असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते युरोपातल्या जुन्या थंड घरांसाठी, तिथे रूम म्हणजे १६-१८ डिग्री असायचं. आपल्याकडे रेडसुद्धा वाइन फ्रिजमधून काढून सरळ ग्लासात ओता, बोलता बोलता १३ ची १७ होते. वाइन फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजमध्ये दीड-दोन तास. उघडलेली बाटली, रेड असो व्हाइट असो, बूच लावून साध्या फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवा. फ्रीझरमध्ये कधीच नको, बाटली फुटू शकते.

विकत घेतानाही बघा, दुकानात बाटल्या काचेजवळ उन्हात उभ्या असतील तर तिथून घेऊ नका, घरी कितीही भारी मशीन असलं तरी तापलेली वाइन परत नीट होत नाही. नाशिकहून गाडीने आणत असाल तर डिकीत टाकू नका, एसीत सीटच्या खाली ठेवा, आणि शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीतच आणा.